शेजारणीला कळेल असं

एमोकेने तिसऱ्यांदा बेल वाजवली तेव्हा कुठे दार उघडलं. समोर पांढऱ्या केसांच्या, काळा स्वेटर घातलेल्या एक बाई उभ्या होत्या.

"बाकोन्यी बाई?"

"मी बाकोन्यीच. तू कोण?"

"एमोके. शिक्लोशची. दर महिन्याला गणितं सोडवून पाठवते ती."

बाईंनी दार पूर्ण उघडलं. मग बाजूला सरून म्हणाल्या, "ये आत. गारठली असशील."

गेली तीन वर्षं एमोके पेच शहराला टपालाने उत्तरं पाठवत होती. निवृत्त शिक्षिका विल्मा बाकोन्यी ती तपासायच्या आणि हिरव्या शाईत शेरे मारून परत पाठवायच्या. दोघींनी एकमेकींना कधी पाहिलं नव्हतं. डिसेंबरपासून मात्र एकही पाकीट आलं नव्हतं, म्हणून आज शाळा बुडवून ती बसने थेट पत्त्यावर येऊन थडकली होती.

"माझं काही चुकलं का, बाई? रागावलात?"

"छे गं. घरात आजारपण होतं." बाईंनी चहा ओतला, त्यात लिंबू पिळलं आणि खाऱ्या पोगाचा बिस्किटांची बशी तिच्यापुढे सरकवली. "खा आधी. एवढ्या लांब कशासाठी आलीस?"

"आज अर्जाची शेवटची तारीख आहे. बाबा म्हणतात, औषधशास्त्र घे. मला बुडापेस्टला जाऊन विविक्त गणित शिकायचंय. बाबा बस चालवतात. म्हणतात, कोडी सोडवून कुणाचं पोट भरलंय?" "तुम्ही सांगाल ते करीन मी."

"माझ्यावर इतका भरवसा?"

"तुमच्यामुळेच तर इथवर आले. वर्गात सगळे मला ठोंबी म्हणायचे. तुमच्या पहिल्याच पत्रात होतं, 'उत्तर चुकलंय, पण विचार तुझा स्वतःचा आहे. तो सोडू नकोस.' आईने ते फ्रिजवर चिकटवलंय. बाबासुद्धा काढू देत नाहीत."

बाईंनी तोंड खिडकीकडे वळवलं. मग त्या म्हणाल्या, "असं कर. हे विविक्त गणित म्हणजे काय, ते मला सांग. मला यातलं ओ की ठो कळत नाही, असं समज."

एमोकेला हसू फुटलं. ही बाईंची जुनीच खोड. शेजारणीला कळेल असं लिही, हे त्यांच्या प्रत्येक पत्रात असायचंच.

तिने कागद ओढून त्यावर ठिपके काढले. "जे सुटं सुटं मोजता येतं त्याचं हे गणित. समजा, हे लग्नाला आलेले पाहुणे. हात मिळवला की दोघांमध्ये एक रेघ. आता ज्यांनी विषम वेळा हात मिळवले, अशी माणसं मोजा. ती नेहमी समच भरतात."

"नेहमी? आणि एखादा रुसून कोपऱ्यात बसला तर?"

"तरीही! त्याचं शून्य, आणि शून्य सम."

"पण असं का?"

"कारण एका भेटीत दोन हात लागतात. सगळ्यांचे आकडे मिळवले की बेरीज समच येणार. विषमवाल्यांची संख्या विषम निघाली, तर बेरीजही विषम होईल. ते शक्यच नाही."

बाई कितीतरी वेळ ठिपक्यांवरून बोट फिरवत राहिल्या. मग एकदम म्हणाल्या, "अगं हो की! म्हणजे पाहुणे कोण, किती, काही ठाऊक नसलं तरी हे खरंच!"

"तेच तर!" एमोके खुर्चीवरून उठलीच. "म्हणून तर मला हेच शिकायचंय!"

बोलून झाल्यावर ती पुन्हा खुर्चीत बसली.

"मग मला कशाला विचारतेस?" बाई हळूच म्हणाल्या. "सांगताना तुझा चेहरा बघितला मी. घरी जाऊन वडिलांनाही असंच सांग, पाहुण्यांचं."

एमोकेने तिथेच फोन काढून अर्ज भरला आणि पाठवून दिला. निघताना तिने बाईंना घट्ट मिठी मारली.

"बुडापेस्टहून लिहीन, बाई."

"लिही. पाकीट आलं की फार बरं वाटेल."

पोर जिना उतरेपर्यंत त्या दारात उभ्या होत्या. मग आत येऊन, अठ्ठेचाळीस वर्षं हातमोजे शिवण्यात घालवलेली योलान बाकोन्यी डिसेंबरात वारलेल्या बहिणीच्या रिकाम्या पलंगावर बसली. "विल्मा," ती म्हणाली, "तू आयुष्यभर मला गणित शिकवू बघत होतीस. आज आलं गं मला एक. तुझ्या पोरीने शिकवलं."