आत्याबाईंची किडनी

“आत्याबाई, त्या गोळ्या मी कमी करणार नाही. तुमची किडनी मारून मला जगायचं नाही,” असं म्हणत कल्याणीनं कूस बदलली.

अनसूयाबाई सुनेच्या उशाशी टेकल्या. त्यांनीच तिला आपली किडनी दिली होती. शरीरानं ती झिडकारू नये म्हणून कल्याणी रोज गोळ्या घ्यायची. त्याच गोळ्यांनी रोगाशी झुंजायची ताकद निजवली आणि अंगात कधीचा गपगार पडलेला एक विषाणू जागा झाला. तिला आता झालेला मूत्राशयातला कॅन्सर कदाचित त्यानंच आणला असेल, असं डॉक्टर म्हणाले. कॅन्सरशी लढायची ताकद परत यावी म्हणून गोळ्या कमी करायच्या, तर किडनी टिकेलच असं नाही.

“तो विषाणू माझ्याच किडनीतून आला का गं?”

“तुमचा असता तर पहिल्या दिवसापासून भांडला असता!” कल्याणी हसली, पण डोळे भरून आले.

अनसूयाबाईंनी तिच्या ओटीपोटावर हात ठेवला. तिथं कातडीखाली बसवलेल्या किडनीचा उबदार उंचवटा त्या तान्ह्या लेकरासारखा थोपटत राहिल्या. मग त्याच्याशीच हळूच बोलल्या, “बाई गं, माझ्या पोरीला तू इथवर आणलंस. आता निघावं लागलं तर सुखानं नीघ. पण माझी आण आहे तुला, पोरीला सोबत नेऊ नकोस.”

डोळे पुसत कल्याणी म्हणाली, “डॉक्टरांना सांगा, करा गोळ्या कमी.” सासूचा हात मात्र तिनं पोटावरून हलू दिला नाही.