हुंकारा

पहिलं वाक्य वाचून त्रिंबक थांबला, पण कुणी 'हूं' म्हणेना.

पोलिसांच्या अमीनसाहेबांची परवानगी काढून वाचनालयाच्या माडीवर शुक्रवारच्या सरकारी सुट्टीची साहित्य-बैठक भरली होती. लोडांना टेकून जालन्यातले वीसेक शहाणे बसले होते. मधोमध काकासाहेब, दर शुक्रवारी सेलूहून गाडीनं येणारे अध्यक्ष. त्यांच्या पुढ्यात घंटी. त्रिंबक परतूरच्या कापसाच्या जिनात कामाला, घराणं मेंढरं राखणारं, आणि घरात लिहिता येणारा हा पहिलाच. तीन महिने तो दाराजवळ अंग चोरून बसत आला होता. आज पहिल्यांदा त्याची वाचायची पाळी आली होती.

त्यांच्या मेंढवाड्यावर गोष्ट सांगायची रीत ठरलेली होती. एकानं सांगायचं, दर वाक्याला ऐकणाऱ्यानं 'हूं' म्हणायचं. हुंकारा आला नाही तर ऐकणाऱ्याला डुलकी लागली असं समजायचं आणि गोष्ट तिथंच ठेवायची. त्रिंबकला दुसरी रीत ठाऊकच नव्हती.

"आपण थांबलात का? वाचा," काकासाहेब म्हणाले.

"वाचतो जी."

दुधनेला पूर आल्याचं त्यानं वाचलंच होतं. आता गाभण मेंढी मधल्या खडकावर अडकल्याचं वाचलं, आणि पुन्हा थांबून सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं. कुणी पान चघळत होतं, कुणी छताकडे बघत होतं.

"यांना अजून अक्षरं लागत नाहीत वाटतं," पुढे बसलेले वकील हसून म्हणाले. "ही साहित्याची बैठक आहे, काकासाहेब. धूळपाटी नव्हे."

शेजारचे मास्तर उसळले. "म्हणजे साहित्य काय तुमच्या ओसरीला बांधलंय?"

झालं. वकिलांनी मास्तरांच्या गेल्या वर्षीच्या व्याख्यानातल्या चुका काढल्या. मास्तरांनी वकिलांच्या साभार परत आलेल्या कादंबरीची आठवण काढली. माडीचे दोन तट पडले. काकासाहेब घंटी वाजवत राहिले आणि घंटीच्या वर आवाज चढत गेले. त्रिंबकची बाजू घेऊन तावातावानं बोलणाऱ्या मास्तरांनीही त्याच्याकडे एकदा वळून पाहिलं नाही.

उभ्या उभ्या त्याचे पाय भरून आले. वही छातीशी धरून तो भिंतीच्या कडेकडेनं दाराशी आला. कुणाच्या लक्षातही आलं नाही. जिन्याखालच्या ढिगात आपल्या वहाणा सापडल्या, तेव्हा कुठं त्याचा जीव भांड्यात पडला.

स्टेशनवर आसराबाई, त्याची बायको, फडक्यात गुंडाळलेली नवी कातर मांडीवर घेऊन बसली होती. मेंढ्यांची लोकर उतरायचे दिवस आले होते, म्हणून ती कातर घ्यायला बरोबर आली होती.

"झालं का वाचून?"

"न्हाई. भांडून राह्यले ते."

"कशापायी?"

"मलाबी बराबर उमगलं न्हाई. मी दोन वाक्यं वाचली. कुणी हुंकारा देईना."

"एकबी न्हाई?"

"एकबी न्हाई." त्यानं वही तिच्यापुढं केली. "घे. चुलीत घाल. मी पुन्हा लिहिणार न्हाई, बिलकुल न्हाई."

आसराबाईनं वही घेतली. तिला वाचता येत नव्हतं, तरी दोन-चार पानं उलटून पाहिली आणि वही त्याच्या हातात परत दिली.

"चुलीत घालायच्या आदी मला तर सांगा, काय लिवलंय ते."

त्रिंबकनं इकडंतिकडं पाहिलं. गाडीला अवकाश होता. त्यानं पहिलं वाक्य वाचलं आणि थांबला.

"हूं," आसराबाई म्हणाली.

तो हुंकारा कानावर पडला आणि त्रिंबक पुढं वाचू लागला. दुसरं वाक्य, तिसरं वाक्य. पलीकडे गाठोड्यावर बसलेली एक म्हातारी हूं म्हणू लागली. थोड्या वेळानं मागच्या बाकावरूनही एक जाडसर हूं येऊ लागला. त्रिंबकनं वळून पाहिलं नाही. गोष्ट सांगताना वळून बघत नसतात. पाणी मेंढीच्या पोटाला लागलं. धन्यानं कमरेला दोर बांधला. आता वाचणाऱ्याचा आवाज माडीवरचा राहिला नव्हता, तो मेंढवाड्यावरचा झाला होता, आणि त्रिंबकला फार बरं वाटत होतं.

धनी पाण्यात उतरला आणि गाडी आली.

सगळे धावले. त्रिंबकनं आसराबाईला थर्ड क्लासच्या डब्यात चढवलं, कातर सांभाळत दोघं बाकावर टेकली. "वही द्या इकडं," ती म्हणाली, आणि तिनं ती कातरीसोबत फडक्यात नीट गुंडाळली. चुलीचं नाव दोघांनीही काढलं नाही.

तेवढ्यात दारात घंटी किणकिणली.

बगलेतली पिशवी सावरत काकासाहेब डब्यात चढत होते. हातात सेकंड क्लासचं तिकीट. त्रिंबक धडपडून उभा राहिला.

"बसा, बसा. जरा सरका." काकासाहेब अंग चोरून बाकाच्या टोकाला टेकले. धोतराच्या सोग्यानं त्यांनी कपाळाचा घाम पुसला. गाडी हलली, पिशवीतली घंटी पुन्हा वाजली, तशी त्यांनी ती हातानं दाबून धरली.

"मंग?" ते म्हणाले. "मेंढी निघाली का न्हाई?"