नारिंगी प्लग

मलप्पा बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धावा चढवीत. त्यांचे चिरंजीव सिद्धराम सायकली दुरुस्त करीत. सिद्धरामांचे चिरंजीव बसवराज यांनी जीप आणि ट्रॅक्टर यांच्याखाली आयुष्य काढले. बसवराजांचा मुलगा सिद्धलिंग आज चाकूरला, नांदेड रस्त्यावरच्या त्याच पत्र्याच्या शेडमध्ये, पेट्रोल आणि बॅटरी अशा दोन्हींवर चालणारी हायब्रिड गाडी उघडीत होता. आणि गाडीच्या मालकीणबाई उमादेवी दोन हातांच्या अंतरावर खुर्ची टाकून त्याच्या बोटांवर नजर ठेवून होत्या.

गाडी तीन लाख बारा हजार किलोमीटर चालली होती. उमादेवींच्या मुलाचे लातूरला कोचिंग क्लासेस होते. आठवड्यातून चार दिवस ही गाडी तिथल्या शिक्षकांना नांदेडच्या शाखेत नेई आणि आणी. आज स्वतः उमादेवी निघाल्या होत्या, आणि चाकूरच्या अलीकडे समोरच्या पडद्यावर धोक्याची खूण पेटली. शोरूमने गेल्याच आठवड्यात बजावले होते की बॅटरी संपली आहे, सगळीच बदला. ड्रायव्हर शेषेरावांना जवळपास दुसरे गॅरेज सापडले नाही. सापडले असते, तर उमादेवी येथे उतरल्या नसत्या.

शेडच्या टोकाला, बाकावर, बसवराज बसले होते. भूकंपाच्या साली धान्य आणि चादरी घेऊन किल्लारीकडे निघालेली उमादेवींची जीप औशाच्या पुढे बंद पडली होती. इंजिन जाम झाले होते. आदल्याच आठवड्यात ती बसवराजांच्या हाताखालून गेलेली. नवे सामान काढून यांनी जुने घातले, असे उमादेवींनी चाकूरच्या स्टँडवर, चारचौघांत सांगितले होते. चोर हा शब्दही वापरला होता. त्यानंतर गावातल्या जीपा दुरुस्तीला अहमदपूरला जाऊ लागल्या. गेलेले नाव परत मिळवायला बापलेकांना वीस वर्षे लागली. आज या बाई पुन्हा तेच बोलून गेल्या, तर पुढे काय, हे सिद्धलिंगाला पक्के ठाऊक होते.

त्याने आधी बोनेट उघडले.

"बॅटरी मागे, आणि तपासतोस पुढे?" उमादेवींनी विचारले.

सिद्धलिंगाने सांगितले की या गाडीत इंजिनाचे पाणी वेगळे आणि विजेच्या भागाचे पाणी वेगळे. दुसऱ्याकडे कोणी बघत नाही. ते खरोखरच उतरले होते. नव्या डब्याचे सील उमादेवींनी आपल्या समोर फोडायला लावले. मग त्याने तपासणीचे यंत्र जोडले. बॅटरीचे सगळे भाग सारखे भरत होते, केवळ तापत होते. बॅटरी गेलेली नाही, असे तो म्हणाला.

"यंत्र तुझे. ते तुझ्या मर्जीचेच बोलणार."

शेषेराव मान वळवून हसले.

सिद्धलिंगाने डिकीच्या आतून एक नारिंगी प्लग उपसला आणि खिशात घातला.

"खिशात काय गेले?"

"बॅटरीचा प्लग हाय, अव्वा. माझा हात आत असताना कुणी परत बसवला, तर मी जागच्या जागी मरन. म्हणून जवळ ठेवतो."

"माझ्या गाडीची वस्तू तुझ्या खिशात राहणार नाही."

बाकावरचे बसवराज अर्धवट उठले. सिद्धलिंगाने प्लग काढला आणि उमादेवींच्या तळहातावर ठेवला.

"मग तुमच्यापाशी राहू द्या. पण मी सांगेस्तोवर कुणाला देऊ नका."

तो घड्याळ लावून दहा मिनिटे थांबला. वीज उतरू द्यावी लागते, असे म्हणाला. हा वेळ काढतो आहे, असे उमादेवींना वाटले. तरी मूठ त्यांनी घट्ट मिटली. मग त्याने रबरी हातमोजे घातले, मागची सीट काढली आणि सीटच्या कडेची जाळी सोडवली. जाळीमागून त्याने लोकरीचा एक जाड थर खरवडून काढला. काळा, मध्ये लाल धागे.

उमादेवींच्या खुर्चीच्या पाठीवर त्यांची घोंगडी होती. काळी, लाल काठांची. ती जाळी घुमते म्हणून त्यांना खपत नसे. तिच्यावर घोंगडी कायम टाकलेली असावी, असा शेषेरावांना चार वर्षांपासून हुकूम होता. बॅटरीला गार वारा मिळे तो त्याच जाळीतून.

सिद्धलिंगाने तो थर वर्तमानपत्रावर ठेवला. एकदा घोंगडीकडे पाहिले. मग कागद मिटून घेतला.

"धूळ हाय, अव्वा. गाडी लई चालली."

त्याने पंखा साफ केला, जाळी बसवली, सीट बसवली आणि प्लगसाठी हात पुढे केला. उमादेवींनी तो दिला नाही. समोरच्या हॉटेलातल्या माणसांना बोलावून आणा, असे त्यांनी शेषेरावांना सांगितले. माणसे हातातल्या कपांसकट आली. उमादेवी उठल्या आणि बाकापाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"धूळ नव्हती ती. माझी घोंगडी होती. आणि बसवराज, किल्लारीला जाताना जीपच्या तोंडावर मदतीचा कापडी फलक बांधला होता, तो मी बांधला होता. इंजिनाला वारा लागला नाही. पुढे मला ते कळलेही. मी बोलले नाही. तुम्ही चोर नव्हता."

हॉटेलातून आलेल्यांपैकी कोणी कप तोंडाला लावला नाही.

"ठावं हाय, वैनी," बसवराज म्हणाले. "जीप आणाया म्याच गेलतो. फलकाच्या गाठी म्याच सोडल्या. लई पक्क्या बांधल्या होत्या तुम्ही." त्यांनी बाकावर सरकून जागा केली. "फिटलं आता. बसा."

उमादेवी बसल्या. मग त्यांनी मूठ उघडली. प्लगच्या कडांचे वळ तळहातावर उठले होते.