डब्याचा पत्ता

“उत्तर नाही,” ताई म्हणाली आणि तीच ओळ तिनं पुन्हा टाइप केली.

काळ्या पडद्यावर ‘पिंग’, त्यापुढे डब्याचा पत्ता, मग एंटर. चार हाका जायच्या आणि चारही वाया. डबा म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या हवामान चौकीतला सर्व्हर. त्याच्या सोबतीला तिचा धाकटा भाऊ, एकटा. तीन दिवसांपूर्वी कडा कोसळला, वाट बुजली. तेव्हापासून भावाचा फोन बंद आणि डबाही मुका.

“बाई, पाच वाजेपर्यंत वाट बघू,” साहेब म्हणाले. “पायथ्याशी सहा माणसं दोर घेऊन बसलीत. वर कुणी जिवंत असल्याची खूण नसेल, तर त्या कड्यावर मी त्यांना चढवणार नाही.”

“खूण मिळेल.”

“कशावरून?”

“डबा बॅटरीवर चालतो. बॅटरी रोज हातानं बदलावी लागते. डबा बोलला म्हणजे तिथं हात आहेत.”

“आणि दुसऱ्याच कुठल्या यंत्रानं उत्तर दिलं तर?”

“हा पत्ता त्या डब्याच्या पोटात लिहिलाय, साहेब. दुसरं कुणी ओ देणार नाही.”

साहेबांना यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण बाईंचा हट्ट कळत होता.

दुपारी पावतीकाका वर आले. तळमजल्यावरच्या स्टोअरचे हे धनी. स्वतःच्या लग्नातही त्यांनी आधी हारातली फुलं मोजली आणि मगच मान वाकवली, असं सगळं ऑफिस शपथेवर सांगायचं.

“तो डबा माझ्या वहीवर आहे,” काका म्हणाले. “जमा कधी होणार?”

“काका, माझा भाऊ वर आहे!”

“भाऊ माझ्या वहीवर नाही. आणि डबा आणलात की चालू करून दाखवायचा. मागे तुमच्या भावानं बंद पंखा माझ्या गळ्यात मारला होता.”

ताईनं त्यांच्याकडे असं काही पाहिलं, की काका वही छातीशी धरून जिना उतरले.

तिनं पुन्हा एंटर दाबलं. धाकटा नेहमी चिडवायचा, “ताई, तू हाक मारलीस की मी ओ देतोच, फक्त सहाशे मिलिसेकंद उशिरा. आळशी नाही गं, लांब आहे.” हाक उपग्रहावरून फिरून यायची, तेवढा वेळ लागायचाच.

चार वाजले. साडेचार. बोटं आखडली, तशी ती अंगठ्यानं एंटर दाबू लागली. साहेबांनी फोन हातात घेतला.

“पाचला पाच कमी, बाई.”

“पाचला पाच कमी म्हणजे पाच नव्हेत.”

एंटर.

उत्तर आलं. एक. दोन. तीन. चार.

ताई खुर्चीसकट मागे सरकली. “आहे! साहेब, आहे तो!”

साहेबांनी चष्मा लावून पत्ता आकडा आकडा ताडून पाहिला. तोच. मग ते फोनमध्ये ओरडले, “चढा! माणूस जिवंत आहे वर. अहो, विचारताय काय, चढा!”

ताईनं डोळे पुसले आणि पडद्याकडे पुन्हा पाहिलं. प्रत्येक उत्तरापुढे लागलेला वेळ होता. सहाशे नव्हता. एका मिलिसेकंदाहूनही कमी होता.

ती त्या आकड्याकडे बघतच राहिली. तेवढ्यात दार ढकलून धाकटा आत आला, नखशिखांत चिखलानं माखलेला.

“काय खडूस माणूस आहे गं तुमचा तो खालचा वहीवाला! अँटेना गेली म्हणून डबा पाठीवर बांधला, मागच्या उतारानं तीन दिवस चालत उतरलो, रस्त्यावर ट्रक मिळाला, तर म्हणे आधी ऑफिसच्या तारेला जोडून चालू करून दाखव, मगच वर जा.” तिच्या टेबलावरचा तांब्या उचलून तो घटाघटा पाणी प्यायला. “आणि येताना ट्रकमधून पाहिलं, पायथ्याशी दोर घेऊन माणसं उभी आहेत. वर कोण अडकलंय?”