शून्याच्या जागी दोन व्होल्ट

“इनपुट शून्य, गेन हजारपट. शून्य गुणिले हजार किती, बाई?” बाहेरून आलेल्या परीक्षकांनी हेमांगीची प्रॅक्टिकलची वही टेबलावर आपटली. “बत्तीस जणांचं आउटपुट शून्य आलं. तुमचं एकटीचं दोन व्होल्ट. या पुन्हा सहा महिन्यांनी.”

बाकीच्यांनी ऑप-अँपला, म्हणजे सिग्नल वाढवणाऱ्या त्या चिपला, हातही न लावता गेल्या वर्षीच्या वहीतलं शून्य उतरवलं होतं. हेमांगी एवढंच म्हणाली, “सर, चिप पुस्तकातल्यासारखी नसते. तिच्या आतच दोन मिलिव्होल्टचा फरक आहे. तोही हजारपट होतो.”

“म्हणजे दोष चिपचा.” त्यांनी शेजारच्या टेबलावरची चिप उपसून तिच्या सर्किटमध्ये खोचली आणि इनपुट स्वतः ग्राउंडला, म्हणजे शून्य व्होल्टला, जोडलं. मीटरवर उणे दीड व्होल्ट आले. तिसऱ्या चिपनंही शून्य दाखवलं नाही.

त्यांनी तिच्या वहीवर सही केली. मग शिपायाला म्हणाले, “बत्तीस जणांना आत पाठव. वह्या बाहेरच राहू देत. सर्किट पुन्हा जोडायचं.”

हेमांगी दाराशी पोहोचली, तेव्हा सगळा वर्ग आत शिरत होता. “काय सांगितलंस गं त्यांना?” कुणीतरी विचारलं. तिला बाहेर पडायला कुणी वाट दिली नाही.