स्वगत

थोरला नाटक लिहायला बसला की घर डोक्यावर पडलं तरी मान वर करायचा नाही, याचा म्हातारीला भारी राग. सून भाजी चिरता चिरता त्याच्या पाठीकडे बघत काहीतरी बोलत राहायची. म्हातारीला तिचे नुसते ओठ हलताना दिसायचे.

"अरे दिवट्या, काय म्हणतेय ती, बघ तरी!"

"स्वगत आहे ते, आई!" तो तिच्या कानाशी तोंड नेऊन ओरडायचा. "बाजूच्या पात्राला ऐकू येत नाही, असं धरायचं!"

मग सून गेलीच. डॉक्टर म्हणाले, दुखणं फार अंगावर काढलं.

"एका शब्दाने बोलली नाही गं मला!" थोरल्याने आईच्या गळ्यात पडून हंबरडा फोडला.



"बहिरी मी आहे रे," म्हातारी म्हणाली. "तुला काय झालं होतं?"