तहात राहून गेलेलं कलम

समताची सोमवारी इतिहासाची परीक्षा होती. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी लोकेश लेकीची उजळणी घेत होता.

“नेपोलियन हरला. मग व्हिएन्नाला सगळे राजे जमले, तह झाला,” समता डचमध्ये सांगत होती. “ज्याचं राज्य त्याला परत मिळालं. पळवलेली चित्रंसुद्धा परत आली. पण बाबा, आडनावं?”

“कसली आडनावं?”

“इथे डच लोकांत खूप जणांना आडनावच नव्हतं. नेपोलियनने ते नोंदवायला लावलं. त्याचं साम्राज्य बुडालं, तर लोकांनी आडनावं का नाही परत केली?”

“सवय होते गं माणसाला,” लोकेश म्हणाला.

तेवढ्यात वरच्या मजल्यावर नुकत्याच राहायला आलेल्या शैलाकाकू विरजण मागायला आल्या. खालीच मराठी घर सापडल्यामुळे त्या खुशीत होत्या.

“नाव काय गं तुझं?”

“समता शिवाजी.”

“शिवाजी म्हणजे बाबा?”

“आजोबा. आम्ही त्यांचंच नाव लावतो.”

“असं होय. आणि मूळ आडनाव काय मग?” काकूंनी अगदी सहज विचारलं.

वाटीत दही काढता काढता लोकेशचा हात थांबला. या प्रश्नावर तो नेहमी गावाचं नाव सांगून विषय बदलायचा.

समता एरवी मराठी ऐकायची आणि उत्तर डचमध्ये द्यायची. या वेळी मात्र तिने एकेक शब्द जुळवत मराठीत सांगितलं, “ते आजोबांनी परत केलं, काकू.”